बाबांच्या अ‍ॅड्रीनलच्या आजाराबद्दल: ओळखायचं कसं, उपचार काय, आणि घरात कायम ठेवायचं एक इंजेक्शन

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ५८ वर्षांचे, शेती करतात. वर्षभरात ११ किलो वजन उतरलं, जेवण जाईना, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, अंगाचा रंग काळवंडला. अ‍ॅसिडिटी समजून औषधं झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, दोनदा सलाईन लागलं. शेवटी उलट्यांनी बीपी ८०वर आलं, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी सोडियम १२१ आणि पोटॅशियम ५.९ पाहून अ‍ॅड्रीनल ग्रंथी काम करत नसल्याचं निदान केलं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी मोठ्या दिसल्या, टीबी असावा असं सांगितलं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःहून भाकरी मागितली. मग टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि आता बाराव्या दिवशी पुन्हा मळमळ, पुन्हा गळाठा. हा आजार काय आहे? स्टेरॉइड आयुष्यभर घेणं धोक्याचं नाही का? पुन्हा तसं झालं तर काय करायचं? बाबांना वारीला जाता येईल का? आणि आत्या गुडघेदुखीसाठी एकीकडून पुड्या आणते, तिचा चेहरा सुजलाय, तिलाही हेच होईल का?

आधी बाराव्या दिवसाबद्दल, कारण ते आजच्या आज करायचं काम आहे.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, लघवी लालसर करणारं. ते यकृताला इतक्या जोमानं कामाला लावतं की पोटात गेलेलं हायड्रोकॉर्टिसोन भराभर संपतं. गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तात टिकते थोडा वेळ. हा परिणाम आठवडाभरात जाणवायला लागतो आणि दोन आठवड्यांत पुरता होतो. तुमच्या बाबांचा बारावा दिवस त्यात चपखल बसतो. अशा वेळी रिफाम्पिसिन थांबवायचं नसतं, हायड्रोकॉर्टिसोन वाढवायचं असतं, बहुतेकदा दुप्पट, कधी त्याहून जास्त. जोडीला दिलेलं, शरीरात मीठ राखणारं फ्लुड्रोकॉर्टिसोनही वाढवावं लागू शकतं. किती, ते तुमच्या डॉक्टरांनी बाबांचं उभं असतानाचं बीपी आणि सोडियम-पोटॅशियम पाहून ठरवायचं आहे. त्याच भेटीत यकृताची रक्ततपासणीही करून घ्या. टीबीच्या गोळ्यांनी कधीकधी कावीळ होते आणि तिची सुरुवातही मळमळीनंच होते, म्हणून दोन्ही शक्यता एकदम तपासलेल्या बऱ्या. आज फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. उलट्या सुरू झाल्या किंवा बाबा उठून बसेनासे झाले, तर फोनही नको, थेट दवाखाना. तिथं काय सांगायचं ते पुढे लिहितो.

आता आजाराकडे येऊ.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणायचे. तिची बाहेरची साल दोन जीवनावश्यक रसायनं बनवते. एक कॉर्टिसॉल. ते रक्तदाब धरून ठेवतं, उपाशीपोटी साखर पडू देत नाही, आणि ताप, ऑपरेशन, अपघात अशा प्रसंगी शरीराला उभं राहायचं बळ देतं. दुसरं अल्डोस्टेरॉन, ते मूत्रपिंडांना मीठ राखून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. ग्रंथींचा बहुतांश भाग, साधारण नव्वद टक्के, निकामी होईपर्यंत माणूस कसाबसा चालतो-बोलतो. मग एखादा जुलाबाचा किंवा तापाचा झटका येतो आणि सगळं एकदम कोसळतं. ‘परवापर्यंत ठीक होते हो’ असं नातेवाईक सांगतात ते खरंच असतं, फक्त परवापर्यंत ते शेवटच्या दहा टक्क्यांवर चाललेले असतात.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली हा आजार लिहून ठेवला, म्हणून ग्रंथीच खराब झाली असेल तर त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. त्या काळात त्याचं मोठं कारण टीबी होतं. आज युरोप-अमेरिकेत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटल्यामुळे तो होतो. आपल्याकडे तेही दिसतं, पण टीबी अजून मागे हटलेला नाही, आणि हिस्टोप्लाझ्मा नावाची एक बुरशीही दोन्ही ग्रंथी अशाच फुगवते.

या बुरशीचं नाव मुद्दाम घेतोय. सीटी स्कॅनवर टीबी आणि ही बुरशी एकमेकांसारख्या दिसतात. फुप्फुसाचा किंवा इतर कर्करोग पसरला, लिम्फोमा झाला, तरी ग्रंथी मोठ्या होतात. ‘टीबी असावा’ यातल्या ‘असावा’वर सहा महिन्यांची औषधं देण्यापेक्षा ग्रंथीतून सुईनं तुकडा काढून तपासणं मला नेहमी पटतं. बाबांची तशी तपासणी झाली आहे का, आणि छातीचा स्कॅन, एचआयव्ही आणि साखर पाहिली आहे का, हे विचारा. विचारल्यानं कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. बुरशी निघाली तर औषध पूर्णपणे वेगळं असतं, आणि रिफाम्पिसिन चालू असताना त्या औषधाचा जोरही टिकत नाही.

आता तुमच्या मनातला सल: वर्षभर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? यात तुमची चूक नाही. या आजाराचं एकेक लक्षण सुटं घेतलं तर प्रत्येकाला दुसरं सोपं नाव मिळतं. भूक नाही, मळमळ, पोट दुखतं, म्हणून अ‍ॅसिडिटी. वजन उतरलं, म्हणून काळजी किंवा म्हातारपण. चक्कर, म्हणून अशक्तपणा. रंग काळवंडला, म्हणून ऊन. आणि सलाईन लावलं की त्यातल्या मिठानं माणूस दोन दिवस खरंच तरतरीत होतो, त्यामुळे ‘अशक्तपणाच होता’ यावर शिक्का बसतो. दर महिन्या-दीड महिन्यानं सलाईन लावल्यावर बरा वाटणारा आणि पुन्हा पडणारा माणूस दिसला की माझ्या मनात पहिलं नाव याच आजाराचं येतं.

पण लक्षणं एकत्र ठेवली की चित्र स्पष्ट होतं. उन्हानं काळवंडलेला माणूस उघड्या भागावर काळवंडतो. या आजारात ऊन न लागणाऱ्या जागाही काळ्या पडतात. आपल्या मुळातल्या सावळ्या-काळ्या रंगात हे पटकन दिसत नाही, म्हणून मी पेशंटचा तळहात उजेडात धरतो आणि शेजारी त्याच्या भावाचा किंवा मुलाचा तळहात ठेवतो. हातावरच्या रेषा बघा. निरोगी शेतकऱ्याच्या तळहातावर घट्टे असतात, पण बोटं ताणली की रेषांचा तळ फिकट, गुलाबीसर दिसतो. या आजारात रेषा पेनानं ओढल्यासारख्या गडद राहतात. मग तोंड उघडायला सांगायचं. हिरड्या, गालाची आतली बाजू, जीभ यांवर निळसर-काळे डाग, शाईचा थेंब पसरावा तसे. बोटांच्या पेरांवरची कातडी, कोपर, पट्ट्याखालची कंबर, आणि आजार सुरू झाल्यानंतरच्या जखमांचे व्रण. जुना व्रण फिका आणि नवा काळा असेल तर तो आजाराची तारीखच सांगतो. काही लोकांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तेव्हा प्रश्न ‘काळ्या आहेत का’ असा नसतो, ‘आधीपेक्षा काळ्या झाल्या का’ असा असतो. आणि याचं उत्तर डॉक्टरपेक्षा बायको चांगलं देते. आधार कार्डावरचा जुना फोटो मागितला तरी पुष्कळ कळतं.

हा काळेपणा येतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमुळे. कॉर्टिसॉल कमी पडलं की ती एसीटीएच हे संप्रेरक जोरानं सोडत राहते, आणि हे संप्रेरक कातडीतल्या रंगपेशींनाही चेतवतं.

दुसरी खूण मिठाची. ‘अलीकडे जेवणात वरून मीठ घेता का?’ असं विचारलं की पेशंट गप्प बसतो आणि घरची माणसं बोलतात. लोणच्याचा नुसता खार चमच्यानं खातात, कैरीला मीठ लावून खायची नवी सवय लागलीय, पापड संपत नाहीत. शरीरातून मीठ वाहून जात असतं आणि जीभ ते भरून काढायला बघते. दुर्दैवानं अशा माणसाला कुणीतरी ‘बीपीसाठी मीठ कमी करा’ सांगतं, आणि तो आणखी खचतो.

तिसरी गोष्ट कुठल्याही दवाखान्यात पाच मिनिटांत होते: झोपवून बीपी मोजायचं आणि उभं करून तीन मिनिटांत परत मोजायचं. वरचा आकडा २० किंवा जास्त खाली आला तर ती महत्त्वाची खूण आहे. जोडीला रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, साखर खालच्या बाजूला. तुमच्या बाबांचे १२१ आणि ५.९ हे आकडे ज्या डॉक्टरांनी एकत्र वाचले, त्यांनी त्या रात्री बाबांचा जीव वाचवला.

पक्कं निदान सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या कॉर्टिसॉलवर होतं, कारण पहाटे-सकाळी ते सर्वांत जास्त असतं. ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, १५ ते १८च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचं इंजेक्शन देऊन कॉर्टिसॉल वाढतं का ते पाहतात. सोबत एसीटीएचची पातळी पाहिली की दोष ग्रंथीत आहे की वर पिट्युटरीत ते कळतं. तो नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत जायला हवा, बाहेर राहिला तर आकडा खोटा खाली येतो. दुपारी चारला घेतलेलं कॉर्टिसॉल कमी आलं म्हणून घाबरलेले लोक माझ्याकडे येतात, त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. प्रेडनिसोलोनची गोळी चालू असेल तर ती तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजली जाऊ शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा खोटा वर जातो. हे तपासणीआधी सांगावं.

मात्र बीपी पडलेला, उलट्या होणारा पेशंट समोर असेल तर रिपोर्टसाठी थांबायचं नाही. रक्ताची नळी भरून बाजूला ठेवायची आणि इंजेक्शन द्यायचं. मी तरुण असताना एका रुग्णालयात कॉर्टिसॉलच्या रिपोर्टची वाट बघत रात्र काढली गेली आणि सकाळी रिपोर्ट वाचायला पेशंट उरला नाही. पंचविशीतली बाई होती. त्यानंतर माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं आहे.

स्टेरॉइड आयुष्यभर घेण्याची तुमची भीती मी समजू शकतो. ‘स्टेरॉइड’ शब्दानं आपल्याकडे मोठं भय बसलंय आणि ते अगदी अनाठायी नाही. पण औषध म्हणून दिलेलं स्टेरॉइड आणि भरपाई म्हणून दिलेलं स्टेरॉइड यात फरक आहे. दम्याच्या तीव्र झटक्यात दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात. ते हायड्रोकॉर्टिसोनच्या हिशेबात १६० मिलिग्रॅम होतं. भरपाईसाठी दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन पुरतं, शरीर स्वतः जेवढं बनवायचं साधारण तेवढंच. यानं चेहरा सुजत नाही, हाडं ठिसूळ होत नाहीत, मात्र डोस गरजेपेक्षा वर राहिला तर हे सगळं होऊ शकतं, म्हणून वजन, बीपी, साखर यांवर नजर ठेवून शक्य तितका कमी आणि पुरेसा डोस ठरवायचा. रिफाम्पिसिन असेपर्यंत आकडा वर राहील, ते बंद झाल्यावर दोनेक आठवड्यांत परत खाली आणावा लागेल. हे तारखेसह लिहून ठेवा, विसरतं.

गोळी निसर्गाच्या चालीनं घ्यायची. उठल्या उठल्या सर्वांत मोठा वाटा, समजा १० मिलिग्रॅम, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घेतली तरी चालेल. दुपारी ५, आणि चार-पाचच्या सुमारास अडीच किंवा ५. रात्री घेतली तर झोप उडते. तीनदा घेणं जमत नसेल तर सकाळी एकदाच ३ ते ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हाही मान्य पर्याय आहे. ग्रंथीचाच आजार असेल तर त्याला जोडून फ्लुड्रोकॉर्टिसोन, रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम. पायावर सूज, बीपी वर किंवा पोटॅशियम कमी असं झालं तर ते जास्त होतंय, उठताना चक्कर आणि मिठाची ओढ राहिली तर कमी पडतंय. जेवणात मीठ मोकळेपणानं खायचं, उन्हाळ्यात शेतात घाम गाळताना थोडं जास्तच.

हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत. दोन महिन्यांचा साठा घरात ठेवा. कधी संपल्याच, तर २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या जागी ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, हा हिशेब डॉक्टरांकडून लिहून घेऊन ठेवा. प्रेडनिसोलोन कुठल्याही मेडिकलमध्ये असतं. एकही दिवस कोरडा जाता कामा नये. टीबी पुरता बरा झाला तरी ग्रंथी सहसा परत काम करत नाहीत, म्हणून ‘टीबीचा कोर्स संपला, आता या गोळ्याही बंद’ हा गैरसमज घरात कुणाच्याही डोक्यात राहू देऊ नका. कॉर्टिसोन आणि अ‍ॅड्रीनलच्या सालीतल्या इतर संप्रेरकांवरच्या संशोधनाला १९५० साली नोबेल मिळालं. त्याआधी या आजाराचे पेशंट निदानानंतर फार काळ जगत नसत.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पुन्हा तसं झालं तर?

निरोगी माणसाला ताप आला की त्याच्या ग्रंथी आपोआप कॉर्टिसॉल वाढवतात. बाबांच्या ग्रंथी वाढवणार नाहीत, ते काम तुम्हाला गोळ्यांनी करावं लागेल. ताप १००.४च्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोनचा रोजचा डोस दुप्पट, १०२च्या वर तिप्पट, ताप उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. मग पुन्हा नेहमीचा. फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवायची गरज नसते. दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल, प्लास्टर घालण्यासारखं हाड मोडलं असेल, तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. दोन दिवस डोस वाढवल्यानं काही बिघडत नाही, न वाढवल्यानं जीव जातो. शंका आली तर वाढवा.

उलट्या-जुलाब ही वेगळी गोष्ट आहे, आणि बहुतेक माणसं दगावतात ती इथंच. गोळी घेतली आणि अर्ध्या तासात उलटली, तर ती पोटात गेली नाही असं धरून परत द्यायची. तीही उलटली तर तिसरी देत बसायचं नाही, इंजेक्शन. घरात उलट गणित होतं: पोटात काही ठरत नाही म्हणून ‘आज गोळ्या राहू दे, पोटाला आराम देऊ’ म्हणतात. इतर कुठल्याही आजारात हे चालेल, यात नाही.

हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमची कुपी स्वस्त मिळते. बाटलीत पांढरी पूड असते, जोडीला पाण्याची लहान कुपी लागते. घरात अशा दोन ठेवा, दोन सिरिंज, सुया, स्पिरिटचा कापूस, सगळं एका डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात बाबांचं नाव आणि आजार. डबा फ्रीजमध्ये नको, कपाटात चालेल, पण उन्हात किंवा चुलीजवळ नको. कृती सोपी आहे. पाण्याच्या कुपीतलं दोन मिली पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, पांढरी पूड असलेल्या बाटलीच्या रबरातून आत सोडायचं, बाटली हातात गोल फिरवायची, पाणी नितळ झालं की सगळं परत ओढून घ्यायचं. मांडीचा बाहेरचा, मधला भाग, गुडघा आणि कंबर यांच्या साधारण मध्यावर. सुई सरळ आत, पूर्ण औषध सोडायचं. निकडीच्या वेळी कपडा उतरवायलाही थांबू नका. तुमचे हात थरथरतील, पण त्या थरथरत्या हातानं दिलेलं इंजेक्शनही काम करतं. पुढच्या भेटीत नर्सकडून एकदा संत्र्यावर शिकून घ्या, आई आणि भावालाही शिकवा, कारण नेमकं त्या दिवशी तुम्ही घरी नसाल. बाबा बेशुद्ध असतील आणि इंजेक्शन चुकून विनाकारण दिलं गेलं, तरी एका डोसनं नुकसान होत नाही.

इंजेक्शन दिल्यावर १०८ला फोन, किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना. तिथं पोचल्यावर एकच वाक्य सांगा: ‘यांना अ‍ॅडिसनचा आजार आहे, हायड्रोकॉर्टिसोन १०० शिरेतून द्या आणि सलाईन लावा.’ पहिल्या तासात सुमारे एक लिटर साधं सलाईन, साखर कमी असेल तर ग्लुकोज, आणि पुढचे चोवीस तास २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, थेंबाथेंबानं किंवा दर सहा तासांनी ५०. गावच्या दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोन नसेल तर तिथं डेक्सामिथॅसोन नक्की असतं. पहिली पसंती ते नाही, पण पुढच्या गावी पोचेपर्यंत तेही द्या असं सांगा. माझे जे डॉक्टर मित्र हे वाचत असतील त्यांच्यासाठी एक सूचना: सोडियम फार खाली असेल तर स्टेरॉइड दिल्यानंतर लघवी मोकळी होऊन ते अचानक वर उसळतं. दर काही तासांनी तपासा, चोवीस तासांत आठ-दहाच्या पुढे चढू देऊ नका, मेंदूला इजा होते.

बाबांच्या खिशात एक कार्ड असू द्या: आजाराचं नाव, औषधं, घरचा फोन, आणि ठळकपणे ‘बेशुद्ध किंवा उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ. ताबडतोब’. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.

आता आत्या. पुडीवर घटकांची नावं नाहीत, दोन दिवसांत गुडघे हलके होतात, भूक वाढते, चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत डेक्सामिथॅसोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. इथं ग्रंथी मुळात चांगल्या असतात. बाहेरून फुकट माल येतोय म्हणून पिट्युटरी एसीटीएच बनवणं थांबवते, ग्रंथी सुकतात. जगभर या कमतरतेचं हेच सर्वांत मोठं कारण आहे, टीबीपेक्षा कितीतरी मोठं. गोळ्याच असायला हव्यात असंही नाही. गुडघ्यात वारंवार घेतलेली इंजेक्शनं, वर्षानुवर्षं घेतलेले दम्याचे जास्त मात्रेचे स्टेरॉइड पंप, गोरं होण्यासाठी किंवा खाजेसाठी अंगभर चोपडलेली तीव्र स्टेरॉइड मलमं, सगळ्यांनी होऊ शकतं. या प्रकारात रंग काळा पडत नाही आणि पोटॅशियमही सहसा वाढत नाही, कारण अल्डोस्टेरॉन शाबूत असतं. त्यामुळे ते चटकन ओळखू येत नाही. सुजलेला गोल चेहरा, काठीसारखे हातपाय, पोटावर जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, आणि तरीही उभं राहिलं की चक्कर, हे सगळं एकत्र दिसलं की समजावं.

म्हणून आत्याला घाबरवून पुडी एका दिवसात सोडायला लावू नका. हे मी कळकळीनं सांगतोय. घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून पुड्या गटारात फेकल्या आणि आठव्या दिवशी आजी अत्यवस्थ झाली, हे मी पाहिलं आहे. उरलेली पुडी घेऊन आत्याला डॉक्टरांकडे न्या. पुडी बंद करून त्या जागी मोजलेलं प्रेडनिसोलोन सुरू होईल, ते दिवसाला ४ ते ६ मिलिग्रॅमपर्यंत हळूहळू उतरवतील, मग सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या गोळीला चोवीस तास झाल्यावर, कॉर्टिसॉल तपासतील. १०च्या वर आलं तर ग्रंथी जाग्या झाल्या, गोळी थांबवता येते. ५च्या खाली असेल तर आणखी काही महिने थांबायचं. कधी वर्षाच्या वर लागतं. तोवर तापात डोस वाढवायचा आणि उलटीत इंजेक्शन द्यायचं हे नियम आत्यालाही लागू. स्टेरॉइड कमी होताना अंग ठणकतं, गुडघेही दुखतात, तेव्हा ‘पुडीच बरी होती’ असं तिला वाटेल. हे आधी सांगून ठेवलं तर ती टिकते. तीन आठवड्यांपेक्षा कमी दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांना मात्र याची सहसा काळजी नसते.

पिट्युटरीच बिघडल्यामुळे कॉर्टिसॉल कमी पडण्याची दोन कारणं आपल्याकडे विसरली जातात. एक, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव. चाळिशीतली बाई वारंवार सोडियम कमी होऊन येते, आणि मी तिला विचारतो, ‘शेवटच्या बाळाला अंगावरचं दूध आलं होतं का? नंतर पाळी आली का?’ दोन्हीला ‘नाही’ उत्तर आलं की पंधरा वर्षांचं कोडं सुटतं. दुसरं, घोणस चावणं. विष उतरतं, मूत्रपिंडं सावरतात, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी माणूस निस्तेज होतो, दाढी विरळ होते. या दोघांनाही थायरॉइडची गोळी कॉर्टिसॉलच्या आधी सुरू केली तर झटका येऊ शकतो. आधी स्टेरॉइड, मग थायरॉइड. आणि नवजात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करत वजन गमावत असेल, तर जन्मजात अ‍ॅड्रीनलचा दोष आहे का ते त्याच दिवशी बघायला हवं.

इंटरनेटवर ‘अ‍ॅड्रीनल थकवा’ नावानं जे विकलं जातं, त्याचा या आजाराशी संबंध नाही. थकवा खरा असतो, त्याचं कारण शोधायलाच हवं, पण त्या नावाखाली मिळणाऱ्या गोळ्यांत कधी स्टेरॉइड किंवा प्राण्यांच्या ग्रंथीचा अर्क निघतो आणि चांगल्या ग्रंथी झोपतात.

राहिली वारी. यंदा नको, एवढंच म्हणेन. टीबीचा कोर्स चालू आहे, डोस अजून बसलेला नाही. पण कोर्स संपला, वजन परत आलं, सलग तीन-चार महिने बीपी आणि सोडियम जागेवर राहिलं, की बाबांनी जरूर जावं. माझे पेशंट जातात. पुण्याहून सासवडच्या टप्प्याला, दिवे घाटाच्या चढाला लागायच्या आधी, सकाळच्या डोसमध्ये ५ मिलिग्रॅम जास्त, आणि दिवसभर मीठ-साखरेचं पाणी, नुसतं पाणी नव्हे. दिंडीतल्या एका तरुण माणसाला इंजेक्शन शिकवलेलं असावं. औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेवायची, एक बाबांच्या झोळीत, एक ट्रकमधल्या सामानात. वाटेत जुलाब लागले तर चालणं तिथंच थांबवून वैद्यकीय पथकाकडे जायचं. एकादशीला गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि निर्जळी करायची नाही. उपवासाला चालणारं मीठ घालून भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, जे चालतं ते पोटभर खाऊ द्या. बाबा ऐकणार नाहीत असं वाटत असेल, तर त्यांना पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर हे विचारायला लावा. घरच्यांनी सांगितलेल्यापेक्षा ते जास्त पाळतात.